पास द्यावा की देऊ नये

अकरा जणींनी मिळून खेळायचा खेळ प्रत्येकीने एकटीने खेळून दाखवायचा, याला हॉकीची निवड चाचणी म्हणतात. वर्षभर प्रशिक्षक मुलींच्या कानीकपाळी ओरडत असतात, ‘बॉल घेऊन बसू नका गं, सोडा, पुढे द्या.’ आणि शिबिराला निघायच्या आदल्या संध्याकाळी तेच प्रशिक्षक मुलीला बाजूला घेऊन हळूच सांगतात, ‘तिथं जरा दिसली पाहिजेस हं.’ आता हॉकीत दिसायचं कसं? जिच्या स्टिकला बॉल, ती दिसते. पास दिला की बॉल गेला आणि बॉलच्या मागोमाग निवड समितीची नजरही गेली. पास उत्तम असेल तर टाळ्या गोल करणारीला. चुकला तर मात्र तीच नजर गर्रकन मागे वळते आणि ‘दिला कुणी?’ म्हणून शोध सुरू होतो. व्यवहार म्हणून पाहिलं तर पास देण्याइतका आतबट्ट्याचा धंदा दुसरा नाही.

माझी भाची हा धंदा इमानेइतबारे करते. ती राइट हाफ खेळते. हाफ म्हणजे पुढच्या फळीला बॉल पुरवायचा आणि पुढच्या फळीने तो घालवला की मागे धावत येऊन परत मिळवायचा. घरातल्या मोठ्या सुनेचं काम असतं साधारण तसंच, पण हे मी ताईसमोर बोलत नाही. ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, एकच काळजी. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यात आपल्या लेकीचे किती? मी एकदा सांगितलं की ती हाफ खेळते, तर फोनवर क्षणभर शांतता आणि मग, ‘हाफ म्हणजे मार्कपण अर्धेच का रे?’

ताईचं सासर फलटणच्या बाजूला. त्या तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या दोघी भारताच्या संघापर्यंत पोचल्या, त्यामुळे आता तिकडे मुलीच्या खांद्यावर हॉकी स्टिक दिसली तर ‘कुत्री हाकलायला निघालीस का गं?’ असं कुणी विचारत नाही. थेट विचारतात, ‘रेल्वेत कधी लागणार?’ मधल्या सगळ्या पायऱ्या, जिल्हा, विभाग, राज्य, शिबिर, गुडघ्याचं दुखणं, हे गावाच्या लेखी किरकोळ तपशील. दाजींचंही मत काहीसं असंच आहे. दाजींनी भाचीला पहिली स्टिक आणून दिली ती दुकानदाराला ‘पोरीच्या उंचीची द्या, पुढं वाढंल ती’ असं सांगून. वाढणार होती ती पोरगी. स्टिक तेवढीच राहिली. पहिलं वर्षभर भाची कमरेत वाकून खेळली आणि गावातल्या सरांनी ‘काय सुंदर लो पोझिशन आहे!’ म्हणून तिला संघात घेतलं.

आता शिबिर पुण्यात आणि पुण्यात मामा, म्हणजे मी. शिबिरात राहायची-जेवायची सोय होती, पण सकाळी मैदानावर घरचं माणूस हवं, हा ताईचा आग्रह. शिवाय माझ्याकडे एक पात्रता होती. मी खडकीत वाढलो. खडकीत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला एक गोष्ट न मागता मिळते, ती म्हणजे आपण धनराज पिल्लेबरोबर खेळलो आहोत हा समज. धनराज खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतला, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल यांच्यावर शिकलेला, आणि पुढे चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला. त्या मोडक्या स्टिकांच्या काळात त्याच्या बाजूने खेळल्याचं सांगणाऱ्या सगळ्यांची बेरीज केली, तर त्याच्या संघात किमान दोनशे जण असावेत आणि विरुद्ध संघात कुणीच नाही. मी त्याच्याबरोबर खेळलेलो नाही. पण हे ताईच्या सासरी कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही.

पहिली सकाळ कागदांची. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो, आणि या सगळ्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. खेळाडूच्या आयुष्यात बॉलपेक्षा जास्त वेळा जी वस्तू हाताळली जाते ती म्हणजे प्लॅस्टिकची फाईल. टेबलामागचे गृहस्थ जन्मतारखेवर बोट ठेवायचे, मग मुलीकडे बघायचे, मग पुन्हा तारखेकडे. एका उंच मुलीला त्यांनी तीनदा वरून खाली न्याहाळलं, तेव्हा तिच्या आईने पर्समधून लहानपणापासूनच्या शाळेच्या फोटोंचा गठ्ठाच काढला. त्या सगळ्या फोटोंत ती शेवटच्या रांगेत उभी होती. गृहस्थांनी हात जोडले आणि शिक्का मारला.

कागद झाले की नाव संपतं. मुलींना नंबरची जाळीदार बनियनं देतात आणि मग सगळं बोलणं नंबरात. भाचीला चौदा आला. ‘ए चौदा, खाली ये!’ ‘बावीस, झोपलीस का?’ संध्याकाळपर्यंत मुलीही एकमेकींना तशाच हाका मारायला लागल्या. कोल्हापूरची एक नऊ, नागपूरची एक एकतीस. खोलीत रात्री काय चालतं ते मला फोनवर कळायचं. एकतीस म्हणे झोपेत ‘कायले, कायले’ म्हणते, आणि नऊला सगळ्या गोष्टींत तिखट हवं असतं. मोजे पंख्याच्या पात्यांना बांधून पंखा एकवर ठेवला की रात्रभरात वाळतात, हा शोध मुंबईच्या मुलीचा. दोनवर ठेवला की ते खोलीभर उडतात, हा शोध आमच्या भाचीचा.

मैदानावर सगळ्यांची भाषा मात्र एक, आणि ती मराठी नाही. हॉकीवाले हिंदीत ओरडतात. कोकणातली असो नाहीतर यवतमाळची, बॉल आला की ‘छोड!’, ‘मेरा!’, ‘पीछे देख!’ त्यात पुन्हा आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याला मॅन म्हणायची पद्धत. मुलींचा सामना, दोन्हीकडे मुली, आणि ओरडा काय तर ‘मॅन पकड, मॅन सुटला!’ एकदा माझा फोन चालू राहिला आणि पलीकडे ताईने हे ऐकलं. तिला समजावण्यात माझा अख्खा पूर्वार्ध गेला.

धावण्याच्या चाचणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बघवत नाही. वीस मीटरवर दोन शंकू, स्पीकरमधून टुंग असा आवाज, आवाज व्हायच्या आत पलीकडे पोचायचं आणि परत यायचं. एक फेरी झाली की दहा सेकंद विसावा, मग पुन्हा टुंग. दोन आवाजांमधलं अंतर कमी कमी होत जातं. याला यो-यो म्हणतात. नावावरून वाटतं गंमत असेल. त्या दहा सेकंदांत सोळा-सतरा वर्षांच्या मुली काय काय करतात ते मात्र बघण्यासारखं होतं. कुणी आकाशाकडे तोंड करून श्वास घेते, कुणी वेणी घट्ट करते. बावीस नंबरच्या मुलीने दर विसाव्यात बुटाच्या नाडीचं फक्त एक काम केलं. एका विसाव्यात गाठ सोडली, दुसऱ्यात ओढली, तिसऱ्यात बांधली. तीन फेऱ्यांत एक नाडी. ती शेवटपर्यंत टिकली.

मग टर्फ. आमच्या भाचीची सगळी हॉकी मुरमाच्या मैदानावर झालेली. मुरमावर बॉल कुठे उडेल हे फक्त मुरमाला माहीत असतं, त्यामुळे तिथली मुलगी बॉलवर कधी विश्वास टाकत नाही. तो छातीपर्यंतही येईल या तयारीने उभी राहते. टर्फवर बॉल शहाण्यासारखा सरळ येतो, आणि भलताच लवकर येतो. दीडशे ग्रॅमच्या वरचा तो टणक गोळा भाचीच्या स्टिकखालून पहिल्या दिवशी इतक्या वेळा निघून गेला, की तिसऱ्या-चौथ्या वेळी मी नजर वळवून शेजारच्या पालकांशी हवामानावर बोलायला लागलो. ती एकटीच नव्हती म्हणा. गावाकडून आलेल्या निम्म्या मुलींचं तेच चाललं होतं. 1976 साली मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली, तेव्हा सात सुवर्णपदकं नावावर असलेला भारत सातवा आला होता. तिथे थोरामोठ्यांचे पाय घसरले, आमची तर दहावीतली पोरगी.

टर्फला पाणी मारतात हेही तिला पहिल्यांदाच दिसलं. सामन्याआधी कडेचे मोठाले फवारे सुरू होतात आणि हिरवागार गालिचा चिंब होतो. पाण्यामुळे बॉल सुळकन जातो आणि पडलं तर कातडी कमी सोलवटते. ज्यांना हे माहीत आहे ते बूट सांभाळत बाजूला होतात. भाची तिथेच उभी राहून फवाऱ्याकडे बघत होती.

‘मामा, एवढ्या पाण्यात आमचा अर्धा एकर ऊस भिजला असता.’

‘मग?’

‘मग काय नाही. आण्णांना सांगू नका.’

आण्णा म्हणजे तिचे आजोबा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांची दोन भांडणं अजून कोर्टात आहेत.

स्टिकबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या खेळाची सगळी खोच तिथे आहे. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते, डावी. बॉल फक्त त्या बाजूने आणि कडेने खेळायचा. पाठीच्या गोल भागाला लागला की अंपायरची शिट्टी. आणि सगळ्या जगात स्टिक एकाच हाताची बनते. क्रिकेटमध्ये डावखुरा उलटा उभा राहिला की झालं. हॉकीत तसं काही नाही, डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नियमात बसतच नाही. मला हा वर्षानुवर्षं अन्याय वाटत आला होता. पण शिबिरात एका डावऱ्या मुलीला बघितलं आणि चित्र उलटं दिसलं. स्टिकच्या टोकाशी डावा हात असतो आणि बॉल उलटसुलट फिरवण्याचं सगळं कसब त्याच हातात. उजवा हात खाली नुसता आधाराला. म्हणजे जेवायला, लिहायला, भांडायला उजवा वापरणारी मुलगी हॉकी शिकायला येते तेव्हा पहिलं वर्ष तिचं आपल्याच डाव्या हाताची ओळख करून घेण्यात जातं. ती डावरी मुलगी मात्र रिव्हर्सने बॉल असा काढत होती, की जणू नियम तिच्या घरच्यांनीच केले असावेत.

भाचीच्या स्टिकला कापडी चिकटपट्टीचे तीन थर आहेत. सगळ्यात खालचा मूळचा निळा, त्यावर गावातल्या सायकलवाल्याने गुंडाळलेला काळा, आणि सगळ्यात वर शिबिरात एकतीस नंबरने दिलेला गुलाबी. हा गुलाबी थर तिसऱ्या दिवशी आला आणि त्या दिवसापासून बॉल थांबायला लागला. यात पट्टीचा वाटा किती आणि ओल्या टर्फच्या सवयीचा किती, हे सांगता येत नाही. भाची मात्र सगळं श्रेय गुलाबीला देते.

सामने सुरू झाले आणि माझा रक्तदाब सुरू झाला. कुणीही पास देत नव्हतं. राइट इन बॉल घेऊन निघाली की तीन जणींना चकवायची, चौथीला धडकायची आणि पडल्या पडल्या निवड समितीच्या खुर्च्यांकडे बघायची. सेंटर फॉरवर्डने तर एकदा समोर मोकळा गोल, बाजूला मोकळी मैत्रीण, तरी गोलकीपरला दोनदा चकवण्याच्या नादात बॉल मैदानाबाहेर नेला, आणि बाहेर नेऊनही एक चकवा मारला. कुंपणाला लागून आम्ही पालक उभे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक चालू असतं तेव्हा पहिल्या रांगेतल्या आईला राजा-राणी दिसत नाहीत, मागे झाड होऊन उभा असलेला आपला बंड्याच तेवढा दिसतो. तसं आमचं चाललं होतं. चाळीसेक मुलींच्या त्या गर्दीत प्रत्येकाला एकच मुलगी दिसत होती. ‘एकटी जा गं, एकटी जा!’ असा एक आवाज सतत येत होता. तो कुठल्या वडिलांचा ते बघायला मी वळलो, तर ते माझ्याकडेच रागाने बघत होते, कारण मी ‘पास दे, पास दे!’ ओरडत होतो. कुठल्या मुलीने कुणाला द्यायचा हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं होतं.

भाची मात्र बॉल घेते, मान वर करते, देते. घेते, बघते, देते. इतक्या साधेपणाने, की बघणाऱ्याला वाटावं बॉल तिच्याकडे आलाच नव्हता. मी मधल्या वेळात तिला पाण्याची बाटली देताना म्हणालो, ‘अगं, एकदा तरी घेऊन जा की पुढे.’

‘पुढं मोकळी होती ती.’

‘असेल. पण तू दिसत नाहीस.’

‘बॉल दिसतो की,’ ती म्हणाली आणि पाणी पिऊन गेली. याला उत्तर देता येत नाही आणि हे निवड समितीला कळवताही येत नाही.

निवड समिती सावलीत. तीन खुर्च्या, तीन टोप्या, काळे चष्मे, मांडीवर पॅड. काळा चष्मा हे निवड समितीचं सगळ्यात मोठं हत्यार, नजर कुठे आहे तेच कळत नाही. मधल्यांनी पेन उचललं की कुंपणावर अख्खी रांग टाचा उंचावायची. एकदा त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि मग कागद फाडून शिपायाला दिला. दहा मिनिटांनी त्या बाजूला वडे आले.

त्यांच्यापैकी एक वयस्कर गृहस्थ मला मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकटे सापडले. मी खडकीचा असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे धनराजबरोबर खेळला असाल.’ मी चहाचे पैसे दिले. मग ते आपणहून बोलायला लागले. ‘बॉल असताना काय, सगळ्याच चांगल्या दिसतात. मी बॉल गेल्यावर बघतो. बॉल गमावला की कमरेवर हात ठेवते का मागे पळते, एवढंच बघायचं असतं. निम्मी यादी तिथेच होते.’

‘मग बॉल असताना ते पॅडवर लिहिता काय?’

‘ते तुमच्यासाठी,’ ते म्हणाले. ‘लिहिलं नाही तर पालकांना वाटतं लक्ष नाही.’

एवढं मोठं गुपित माझ्या पोटात राहणं शक्य नव्हतं. संध्याकाळी मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली हे गावाकडचे सर पहिल्यापासून सांगतात, आणि तिने ते खोलीत नऊ नंबरला सांगितलं, कारण नऊची सवयच कमरेवर हात ठेवायची. नऊने एकतीसला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना सुरू झाला आणि बघतो तर काय, कमरेवर एकीचाही हात नाही. बॉल गेला रे गेला की सगळ्या जणी, ज्यांचा संबंध आहे त्या आणि ज्यांचा नाही त्याही, जिवाच्या आकांताने मागे धावतायत. बॉल उजव्या कोपऱ्यात आणि डाव्या बाजूची फॉरवर्ड आपल्या गोलपर्यंत परतलेली. दोन्ही संघांच्या मुली आपापल्या डीमध्ये गोळा झाल्या आणि मधलं मैदान ओस पडलं. वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. कुंपणाकडे त्यांनी एकदा पाहिलं, तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो.

या सगळ्या धावपळीत निवांत फक्त गोलकीपर. चाळीसेक मुलींत तीन गोलकीपर, त्यातल्या दोन जाणार. हे गणित बाकीच्यांच्या गणितापेक्षा फारच सुखाचं. पण त्या तिघींचा उन्हातला अवतार पाहिला की सुख कुठे जातं कळत नाही. पायाला उशीएवढे पॅड, बुटांवर किकर, छातीला चिलखत, हातात दोन वेगळ्या आकाराचे फोमचे ठोकळे, वर हेल्मेट. शिबिर संपल्यावर त्यांची बॅग उचलायला दोघी जणी लागतात. भारताचा गोलकीपर श्रीजेश केरळच्या क्रीडा शाळेत गेला तो ॲथलिट म्हणून, आणि गोलकीपर व्हायच्या त्याच्या कारणांत पळावं कमी लागतं हेही एक होतं, असं तो स्वतःच हसत सांगतो. त्याच्या किटसाठी वडिलांनी गाय विकल्याची गोष्टही सर्वांना माहीत आहे. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडच्या कांस्यपदकांत गोल राखणारा तोच. तेव्हापासून प्रत्येक शिबिरात एखादी तरी मुलगी पळण्याच्या कंटाळ्याने गोलमध्ये उभी राहते, आणि गोलकीपरलाही यो-यो द्यावी लागते हे तिला तिथे आल्यावर कळतं.

शेवटच्या रात्री झोप भाचीला लागली, मला लागली नाही. निवडीचा फार विचार करायला लागलं की इतिहास आठवतो, आणि इतिहास या बाबतीत अजिबात उपयोगाचा नाही. 1932 च्या ऑलिम्पिकआधी बाकीच्यांना आंतरप्रांतीय स्पर्धेत खेळून आपली जागा मिळवावी लागली. ध्यानचंद यांना पलटणीने त्या स्पर्धेसाठी रजाच दिली नाही. तरी त्यांना संघात घेतलं, चाचणीबिचणी काही नाही. ठीक आहे, ध्यानचंद होते. पण 1980 चं काय करायचं? त्या वर्षी मॉस्कोला ऑलिम्पिकमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा आली. बहिष्कारामुळे बरेच संघ गळाले आणि ऐनवेळी झिम्बाब्वेला बोलावणं गेलं. त्यांचा संघ ठरला उद्घाटनाच्या अगदी तोंडावर. कृत्रिम गवतावर त्या बायका पूर्वी खेळलेल्या नव्हत्या. शिबिर नाही, तीन टोप्या नाहीत, पॅड नाही, आणि येताना सुवर्णपदक घेऊन आल्या. आपला संघ तिथे चौथा आला. त्यांच्यातल्या प्रत्येकीला बक्षीस म्हणून एक एक बैल कबूल केला होता आणि हातात पडलं ते पाकिटबंद मांस, असं सांगतात. हे मी भाचीला सांगायचं ठरवलं होतं, धीर म्हणून. मग लक्षात आलं, की यातून नक्की कुठला धीर निघतो ते मलाच नीट सांगता येत नाहीये.

यादी दुपारी लागायची होती, ती संध्याकाळी लागली. कार्यालयाच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेला एक कागद, त्यावर बाहेरच्या उन्हाची तिरीप, आणि समोर चाळीस मुली व त्यांची घरची माणसं. कुणीतरी उंच हात करून फोटो काढला. तो फोटो आम्ही कागदापर्यंत पोचायच्या आत पुण्यातून फलटणला पोचला. काढणाऱ्याचा हात कललेला होता, त्यामुळे फोटोत सोळाच नावं आली आणि खालच्या कडेला सतराव्या ओळीच्या नुसत्या रेघा.

मी अजून गर्दीत धक्के खात होतो तोवर गावाकडून सांत्वनाचे फोन सुरू झाले. पहिला भाचीच्या चुलत्यांचा. ‘असू दे. खेळात चालायचंच. आता अभ्यासाला लागू दे तिला.’ दुसरा आण्णांचा. त्यांचं म्हणणं यात पुण्याच्या लोकांनी राजकारण केलं, पाणी पण तेच अडवतात. तिसरा ताईचा, आणि ताई काही बोललीच नाही, नुसतं नाक ओढलं. तेवढ्यात गर्दीतून नऊ नंबर आणि एकतीस नंबर दोघी उड्या मारत बाहेर आल्या आणि मधे धरून त्यांनी चौदाला आणलं. यादीत अठरा नावं होती. सतरावं हिचं. अठरावं त्या बावीस नंबरवालीचं, तीन फेऱ्यांत नाडी बांधणारीचं. एकतीसचं नाव नव्हतं, तरी उड्या तिच्याच जास्त उंच होत्या.

‘सतरावी का गं?’ मी विचारलं.

‘नंबरावर नाही ते. गोलकीपर आधी, मग बॅक, मग...’ ती थांबली. ‘मग मी एवढ्या खाली कशी?’

‘टाईप करणाऱ्याला शेवटी आठवली असशील.’

‘दिसत नाही ना मी,’ ती म्हणाली आणि हसत सुटली.

ताईला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग मार्कांचं विचारलं. दाजींनी फोन घेतला आणि ‘सतरा म्हणजे खेळायला मिळतंय का नुसतं बसायचं?’ असा रास्त प्रश्न केला. आण्णांनी राजकारणाचा आरोप मागे घेतला, पाण्याचा ठेवला.

आठवड्याभरात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्याचा फोटो भाचीने मला पाठवला आणि खाली एकही शब्द लिहिला नाही. मी बघितला. वर गावातल्या आणि तालुक्यातल्या मान्यवरांचे सुपारीपासून ताटलीपर्यंत मानाप्रमाणे वाढत गेलेले गोल चेहरे, मधे ‘हार्दिक अभिनंदन’, आणि उजव्या कोपऱ्यात भाची, हातात स्टिक, पवित्रा झकास. मला काही वावगं दिसेना. मग फोटो मोठा करून पाहिला. फ्लेक्सवाल्याला तिचा चेहरा मान्यवरांच्या दिशेने वळलेला हवा होता, म्हणून त्याने फोटो आरशासारखा उलटवला होता. छातीवरचा चौदा उलटा झाला म्हणून त्यावर तिरंगा चिकटवला होता. आणि स्टिक? स्टिकची सपाट बाजू उजवीकडे आली होती. जगात अशी स्टिक कुणी बनवत नाही.

मी फोन केला. ती आधीच फ्लेक्सवाल्याकडे जाऊन आली होती.

‘काय म्हणाला तो?’

‘म्हणाला, ताई, नाव बरोबर आहे ना? मग स्टिककडे कोण बघतंय.’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘म्हणलं, दादा, अंपायर बघतो. तर म्हणाला, अंपायरचा फोटो असेल तर द्या, तोही टाकतो. जागा आहे खाली.’